उताऱ्याचं कपाट

माझा धंदा विषाचा. म्हणजे शिकवण्याचा. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी विषशास्त्र शिकवत असे, आणि डाळजच्या आमच्या भावकीला ही गोष्ट कधीच नीट पटली नाही. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, वडिलांनी ती विकून ऊस लावला, आणि त्यांच्या मुलीने एवढं शिकून काय धरावं, तर विष. "डाक्टर हाय म्हंत्यात, पर सुई न्हाय की गोळी न्हाय," असं चुलते चारचौघांत सांगायचे. "मग करती काय?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "कंच्या विषानं मानूस कसा मरतो, ते पोरांना सांगती." ऐकणारा विचारात पडायचा. लग्नकार्यात मी स्वयंपाकाकडे डोकावले की आचारी भांड्यावर झाकण ठेवायचा. गावाने माझं नाव ठेवलं होतं विषाच्या बाई. मला ते आवडायचं. महाविद्यालयातल्या माझ्या हुद्द्यापेक्षा त्यात जरब जास्त होती.

भोपाळ होऊन गेलं आणि सरकारला जाग आली. सरकारची जाग म्हणजे समिती. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या जिल्ह्यातही एक आपत्ती समिती निघाली. एकाच वेळी ढीगभर माणसं विषारी वायूने नाहीतर अन्नातून आजारी पडली तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवायचं, असा तिचा हेतू. हेतू चांगलाच होता. मला घेतलं, कारण विषातलं कळणारं दुसरं कुणी बैठकांना यायला तयार नव्हतं, आणि बारामती-इंदापूर माझ्या गळ्यात आलं, कारण "मॅडम, तुमचं गाव तिकडंच ना." माहेरच्या मुलखात सरकारी काम करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तुम्ही आपत्तीबद्दल बोलता आणि समोरचा विचारतो, जेवून जानार ना?

पहिली रंगीत तालीम बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाली. ठरलं होतं ते असं: सकाळी भोंगा वाजेल, वायूची टाकी फुटल्याचं जाहीर होईल, कामगार आणि जवळच्या वस्तीतले स्वयंसेवक जमिनीवर पडतील, आणि आम्ही डॉक्टरांनी भराभर फिरून प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत चिठ्ठी अडकवायची. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता उपचार हवेत, पिवळी म्हणजे थोडा थांबू शकतो, हिरवी म्हणजे चालता-बोलता आहे, आणि काळी म्हणजे संपला. पण प्रमुख पाहुणे यायचे होते. पाहुणे आल्याशिवाय वायू कसा सुटणार? भोंगा लांबला. मग पाहुणे आले, फेटा झाला, शाल-श्रीफळ झालं, प्रास्ताविक झालं. "आजची दुर्घटना यशस्वी करण्यासाठी ज्यांनी अहोरात्र कष्ट घेतले" त्या सगळ्यांचे आभार मानले गेले, आणि पाहुण्यांनी बटण दाबून गळतीचा शुभारंभ केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग ते पडले.

पुढे चिठ्ठ्यांची पंचाईत झाली. काळी कुणी घेईना. एकाने भिडेखातर घेतली, तर त्याची बायको कुंपणापाशीच उभी होती. ती तरातरा आत आली. "बाई, ऐन सोमवारचं माझ्या मालकाला निपचित झोपवून वर काळं लावताय? तुमच्या घरात न्हाईत का बाप्ये?" मयत उठला आणि बायकोमागोमाग घरी गेला. लाल चिठ्ठीचं नेमकं उलट. लालवाल्याला गाडीत आधी घालतात हे कळल्यावर लालला मागणी आली. एक माजी सरपंच हिरवी चिठ्ठी हातात धरून माझ्यामागे फिरत होते. "मला हिरवी? आन गेटवरच्या वॉचमनला लाल? हितं काय मानपान हाय का न्हाय?" मी म्हटलं, "तात्या, तुम्ही शुद्धीवर आहात." "आसं व्हय? मग ह्यो बेशुद्ध पडलो," असं म्हणून त्यांनी धोतर सावरलं आणि सतरंजीवर अंग टाकलं. शेवटी कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्यांना लाल दिली, वर पेढा दिला. अहवालात तालीम उत्कृष्ट झाल्याचं लिहिलं गेलं.

परतताना जीपमध्ये मी इतकी बोलले, की ड्रायव्हरने भिगवणला चहासाठी गाडी थांबवली ती मला गप्प बसवायलाच. माझं म्हणणं एवढंच होतं. इथे वायूची टाकी फुटेल तेव्हा फुटेल, पण द्राक्ष-डाळिंबावर फवारायचं विष आज घराघरात आहे, आणि आमच्याकडे त्याला विष कुणी म्हणत नाही, औषध म्हणतात. ते कोनाड्यात असतं, पिठाच्या डब्याशेजारी असतं, बाजेखाली असतं. पोटात गेलं की तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि छातीत पाणी होऊन माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. त्याला उतारा आहे. अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन, जुनं, खात्रीचं, परत परत द्यावं लागणारं. पण एका वेळी पुष्कळांना पुरेल एवढं ते हाताशी हवं. तालुक्याच्या दवाखान्यांतून एका ट्रेमध्ये जेमतेम एकाला पुरेल एवढा साठा असायचा. दुसरा रोगी आला की त्याला जीपमध्ये घालून पुण्याच्या किंवा सोलापूरच्या वाटेला लावत, आणि वाटेत काय व्हायचं ते होत असे.

बैठकीमागून बैठक मी हेच तुणतुणं वाजवलं. कंटाळून का होईना, समितीने मान्य केलं. इंदापूर तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात (कुठल्या ते सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात) एक लोखंडी कपाट आलं. त्यात अ‍ॅट्रोपीनची खोकी, सलाइन, नळ्या, सगळं मी स्वतः लावलं. दारावर पेंटरने लिहिलं, "विषबाधा उतारा कपाट". मला वाटलं, झालं. पुढच्या महिन्यात जाऊन बघते तर कपाटाला लाल साटिनची फीत बांधलेली.

"उद्घाटन व्हायचंय मॅडम," तिथला वैद्यकीय अधिकारी म्हणाला. मराठवाड्यातून आलेला तरुण मुलगा, हुशार, पण बदलीच्या भीतीने अर्धा झालेला.

"तोवर रोगी आला तर?"

"पुढे पाठवतो."

"आणि हे आत काय लोणचं घालायला ठेवलंय?"

उद्घाटन ज्यांच्या हस्ते व्हायचं होतं ते तालुक्यातले एक वजनदार पुढारी. सगळे त्यांना नाना म्हणत. नक्की कुठलं पद त्यांच्याकडे आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांना प्रमुख पाहुणे याच नावाने ओळखते. त्यांची तारीख मिळायची, मी पुण्याहून यायची, आणि तारीख पुढे जायची. कधी कारखान्याची सभा, कधी मुंबई. दसऱ्याला सिस्टरांनी कपाटाची पूजा केली, झेंडूचा हार घातला, फितीला धक्का न लावता. तो हार वाळून गळून पडला तरी फीत तशीच. मी चिडून पत्रं लिहिली, फोन केले. उत्तर यायचं, "मॅडम, एवढी वर्षं काही नव्हतं, आता चार दिवसांनी काय बिघडतंय?"

अखेर मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, तारीख पक्की झाली. रुग्णालयाच्या आवारात मांडव पडला. कर्णे लागले. मांडवासमोरच्या व्हरांड्यात कपाट, आणि ताटात हळदकुंकू, नारळ आणि कात्री. प्रमुख पाहुण्यांना त्या दिवशी चार लग्नांना आशीर्वाद द्यायचे होते. त्यातलं बावड्याकडचं उरकून ते येणार होते. खुर्च्या मात्र रिकाम्या. तालुक्यातलं झाडून सगळं माणूस कुठल्या ना कुठल्या मांडवात जेवत होतं. आयोजकांचा जीव वरखाली होत होता. माणसं आणायला त्यांनी एक ट्रॅक्टर पाठवला होता. सूत्रसंचालन करणारे गुरुजी माईकवरून सारखे "थोड्याच वेळात" म्हणत होते.

आणि ट्रॉली आली. भरलेली. फेटेवाले पुरुष, नवीन कपडे, कपाळाला अक्षतांचं कुंकू. गुरुजींचा चेहरा उजळला. "बावड्याकडून बहुसंख्येने आलेल्या ग्रामस्थांचं हार्दिक, हार्दिक स्वागत! कृपया पुढच्या खुर्च्या भराव्यात!" माणसं उतरली. एकजण चाकाला धरून ओकला. "उन्हाचा त्रास होतोय, स्वयंसेवकांनी पाणी द्यावं," गुरुजी म्हणाले. आलेल्यांपैकी कुणीतरी काही सांगू बघत होतं, पण कर्ण्यापुढे त्याचं काय चालणार? स्वयंसेवकांनी त्यांना काखेत धरून मानाने पुढच्या रांगेत बसवलं. एकाच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. ते बिचाऱ्याने घेतलं आणि त्याच्यावरच ओकला. आमच्याकडे सभेला माणूस ट्रॉलीतूनच येतो, त्यामुळे ट्रॉलीतून आलेला माणूस सभेलाच आलेला असतो. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

मी व्यासपीठावर होते. समोरच्या माणसाच्या कोऱ्या सदऱ्यावर हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. मी खाली उतरले, त्याची पापणी वर केली. मांडवाच्या सावलीत बाहुली मोठी व्हायला हवी. ती टाचणीच्या टोकाएवढी होती. शेजारच्याची तशीच.

"कपाट उघडा," मी ओरडले.

वैद्यकीय अधिकाऱ्याने फितीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "मॅडम, नाना निघालेत तिथून. पोचतीलच इतक्यात."

मी फीत धरून ओढली. साटिन फार चिवट असतं. मला रडू येईल इतका राग आला होता. तेवढ्यात सिस्टरांनी ताटातली कात्री उचलली आणि कचकन फीत कापली. मांडवातून जोरदार टाळ्या आल्या. मागच्यांना वाटलं, उद्घाटन झालं.

माणसं आत घेतली, आणि बारामतीची तालीम परत सुरू झाली, फक्त आता खरी. एक भारदस्त गृहस्थ सगळ्यांना बाजूला सारत खाटेवर येऊन बसले आणि बाही वर करून म्हणाले, "आमी वरपक्ष हाय. नवरदेवाचा मामा. आधी आमच्या मान्सांना इंजेक्शन, मग त्यांच्या." त्यांच्यामागे त्यांची सगळी वरात बाह्या सारून उभी. आमच्या घाबरट अधिकाऱ्याने सुई भरली सुद्धा होती. मी त्याचं मनगट धरलं. मामांचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, छाती ऐकली. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. बाहेर जाऊन बसा."

"अवो, पर मान..."

"मान तिकडं मांडवात घ्या. इथं विष आहे."

खरोखर विष चढलेले त्यांच्यात थोडेच होते. बाकी सगळ्यांनी एक-दोन घोट घेतलेले, मळमळत होतं आणि घाबरलेले होते. ज्यांना हवं त्यांना इंजेक्शन दिलं, बाकीच्यांवर लक्ष ठेवलं. मग मी विचारलं, काय खाल्लंत. एका म्हाताऱ्या आबांनी सांगितलं: बुंदी, वांग्याची भाजी, भात, आणि मठ्ठा. मठ्ठा कशात केला? ड्रमात. कुठल्या?

"फवारनीच्या. पर धुतला व्हता की बाई, चांगला साबन लावून."

"आणि बायका? बायका कुठायत?"

"त्यांचं काय? आमी निघालो तवा त्यांची पंगत बसत व्हती."

सकाळपासून राबलेल्या, उपाशी बायका, आणि ड्रमाचा तळ. लग्नघरी फोन नव्हता. रुग्णालयाची गाडी दुरुस्तीला गेलेली. त्याच क्षणी फाटकातून प्रमुख पाहुण्यांच्या जीपा आत आल्या, धुरळा उडवत, एकामागे एक. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुठल्याही पुढाऱ्याचं स्वागत केलेलं नाही.

ते आत आले आणि त्यांची नजर पहिल्यांदा तुटलेल्या फितीवर गेली. "ही कुनी कापली?" मी एका दमात सगळं सांगितलं. मठ्ठा म्हटल्यावर त्यांचा हात पोटावर गेला. "बाई, मी पन घोटभर घेतलाय त्यांच्या आग्रहाखातर." मी त्यांच्याही पापण्या वर केल्या. "तुम्ही ठणठणीत आहात. मला तुमच्या गाड्या हव्यात." त्यांच्या बाबतीत खरं ते सांगायला हवं: त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्या जीपा परत फिरवल्या, आणि पहिल्या जीपमध्ये आपला माणूस बसवून त्याला बजावलं की ड्रम लाथेनं उलथा आणि बायकांना उचला, कुणाचं ऐकू नका.

बायका आल्या तेव्हा मांडवातलं हसणं-बोलणं थांबलं. पुरुष चालत आत आले होते. यांतल्या बऱ्याच जणींना उचलून आणावं लागलं. सगळ्यांत वाईट अवस्था नवरीच्या चुलतीची होती. चाळिशीची असेल. हिरवं लुगडं, हाताला वाळलेली हळद, ओठ निळे, आणि प्रत्येक श्वासाला छातीत पाणी खळखळत होतं. मी अनेक वर्षं वर्गात फळ्यावर हे सगळं लिहून दाखवलं होतं, आता ते खाटेवर होतं. आम्ही इंजेक्शन दिलं, थांबलो, परत दिलं, परत दिलं. तो घाबरट अधिकारी आता घाबरला नाही. तिच्या उशाशी बसून छाती ऐकत तो "अजून एक, मॅडम" म्हणत राहिला, आणि सिस्टर कपाटातून खोकं फोडून देत राहिल्या. कलत्या उन्हात तिची छाती कोरडी झाली, गाल लाल झाले, ओठांना रंग आला. कपाट जवळजवळ रिकामं झालं होतं. वरपक्षाच्या मानापायी त्यातली मूठभर इंजेक्शनं जरी गेली असती, तर ती बाई वाचली नसती. हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

उरलेली इंजेक्शनं आम्ही आत काढून घेतल्यावर बाहेर काय चाललं, ते मला खिडकीतून दिसलं. फोटोग्राफर आलेला होता. नाना नको म्हणत होते, पण आयोजकांनी ऐकलं नाही. कपाट ओढून मांडवात नेलं, तुटलेल्या फितीला गाठ मारली, गाठ दिसू नये म्हणून वर गुलाबाचं फूल खोचलं, आणि रिकाम्या कपाटाचं उद्घाटन झालं. गुरुजी म्हणाले, उद्घाटनाआधीच कार्याला लागलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं कपाट असावं. नवरदेवाच्या मामांनी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. पुढे समितीच्या अहवालात हा दिवस "प्रत्यक्ष परिस्थितीत घेतलेली यशस्वी रंगीत तालीम" म्हणून गेला. मी त्यात एक वाक्य घालायला सांगितलं होतं: गावजेवणात विषबाधा झाली तर शेवटच्या पंगतीकडे आधी धावावं. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, हा सामाजिक प्रश्न आहे, आपत्तीत कशाला आणता? वाक्य गळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चुलतीपाशी बसले. औषधाने तिचं तोंड कोरडं पडलं होतं. चमच्या-चमच्याने पाणी पाजत होते. नवरीची पाठवणी झाली का, हे तिने आधी विचारलं. झाली म्हटल्यावर डोळे मिटले.

मी विचारलं, "मठ्ठ्याला वास आला नाही का हो?"

"आला की. फवारनीचाच वास. मला ठावं हाय तो, मीच भरून देते पंप."

"मग प्यायलात कशा?"

"बाप्यांच्या पंगतीत लोक म्हनत व्हते, कडू लागतोय, कडू लागतोय. निम्म्यांनी पानात ठिवला. मग राहिलेला आत आला आमच्याकडं. पोरी म्हनल्या, काकी, वास मारतोय. मी म्हनलं, लग्नाघरचं अन्न हाय, टाकू न्हाई. आधी मी पिऊन दावला, मग त्या प्याल्या."

राग असा चढला होता की हातातला चमचा खाली ठेवावा लागला. मी उठून बाहेर आले. तिचा नवरा लिंबाखाली उकिडवा बसला होता. माणूस वाईट नव्हता; सगळी रात्र त्याने तिथेच काढली होती, डोळे रडून सुजले होते. मला बघून तो हात जोडून उभा राहिला.

"कडू लागत होता हे तुम्हाला कळलं होतं ना?" मी विचारलं. "मग तो मठ्ठा आत बायकांकडं पाठवला कुणी?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. कुणाचं तरी नाव सापडावं म्हणून त्याने फार प्रयत्न केला, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कुनी म्हंजे?" तो म्हणाला. "कुनीच न्हाय, बाई. नेहमीसारखा गेला की आत."